वर अप्पा, खाली वहिनी

दादाने घराच्या सगळ्या खिडक्या बदलल्या आणि त्याच हिवाळ्यात आमचं घर ओलं व्हायला लागलं.

जुन्या खिडक्या नुसत्या नावाला होत्या. लावल्या तरी पडदे हलायचे. अप्पा म्हणायचे, "या खिडकीतून वारा येत नाही, वारा राहायला येतो." नव्या खिडक्या दुहेरी काचेच्या, कडेला रबर, इतक्या गच्च बसणाऱ्या की समोरून ट्रक गेला तरी घराला पत्ता लागू नये. दादाने येणाऱ्याजाणाऱ्याला त्या उघडून-लावून दाखवल्या. मग थंडी पडली. सकाळी उठून बघावं तर काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळतंय. आईने प्रत्येक खिडकीत जुन्या टॉवेलची घडी ठेवली आणि उठल्या उठल्या त्या घड्या बादलीत पिळत ती घरभर फिरू लागली. दोरीवरचे कपडे वाळेचनात. अप्पांच्या कपाटातल्या कोटाच्या कॉलरवर हिरवट लव उगवली. "माझ्या आधी कोटच म्हातारा झाला," असं म्हणत त्यांनी ती ब्रशने झाडली. कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली.

घरात आम्ही पाच जण. अप्पा, आई, दादा, वहिनी आणि दादाची धाकटी बहीण म्हणजे मी. वहिनीला तेव्हा सातवा महिना लागला होता. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. कापडाचा तागा टेबलावर पसरून त्यातून शंभर शर्ट कसे निघतील हे ती उभ्या उभ्या सांगते, आणि कात्री एकदा चालली की परत मागे घेत नाही. कारखान्यात तिला सगळे 'मास्तर' म्हणतात. घरात आल्यावरही ती थोडी मास्तरच असते.

ती त्या काळ्या भिंतीजवळ गेली, बोट लावलं, बोटाचा वास घेतला.

"पाच माणसांचे श्वास, पाच आंघोळी, दोन वेळचा स्वयंपाक आणि दोरीभर ओले कपडे," ती म्हणाली. "हे सगळं पाणी आधी फटींतून बाहेर जायचं. आता जाणार कुठून?"

दादाचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या खिडक्यांची चूक?"

"खिडक्या झकास आहेत. ओल्या हवेला बाहेर जायची वाट ठेवायची राहिली, एवढंच."

ती वाट कशी करायची याचा तिने महिनाभर पिच्छा पुरवला. शेवटी ठरलं ते असं: माळ्यावर, म्हणजे वरच्या छताच्या आणि कौलांच्या मधल्या जागेत, मोठ्या सुटकेसएवढी एक पेटी बसवायची. पेटीत पंखा. स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडास, तिन्हीच्या छतातून एकेक पाइप त्या पेटीत जाणार आणि पेटीतून एक पाइप कौलांबाहेर निघणार. पंखा सतत, अगदी हळू, ओली हवा ओढत राहणार. फोडणीच्या वेळी बटण दाबलं की जोरात चालणार. ताजी हवा येणार ती नव्या खिडक्यांच्या चौकटीत वरच्या बाजूला असलेल्या बारीक झरोक्यांतून.

"सतत चालणार?" अप्पा म्हणाले. "घर आहे की कोंबड्यांचं खुराडं?"

अप्पा बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले. घरातली प्रत्येक नवी गोष्ट आधी नाकारायची आणि मग तिच्यावर मालकी सांगायची, ही त्यांची रीत. फ्रिजचं असंच झालं होतं. त्यांना मनापासून आवडणारी वस्तू घरात एकच, बाथरूममधला जुना गॅसचा गीझर. त्याच्या पोटात निळ्या ज्योतींची रांग पेटायची आणि धूर पत्र्याच्या नळीतून धुराड्यात जायचा. त्याची पितळी चावी अप्पा दर रविवारी घासायचे. आई म्हणायची, "माझी बांगडी कधी घासली नाही यांनी."

फिटर आला. भला माणूस, पण सदा घाईत. एक कान फोनला, एक हात टेपला. आईने त्याचं नाव 'वादळ' ठेवलं. त्याने पेटी टांगली, पाइप जोडले, छतात गोल पांढऱ्या जाळ्या बसवल्या आणि चहा अर्धा टाकून पुढच्या घरी पळाला. थोडे दिवस बरं वाटलं. टॉवेलांना कमी पाणी येऊ लागलं. मग एका सकाळी आंघोळ करताना दादाच्या टाळूवर बर्फासारखा थेंब पडला. तो बोंबलतच बाहेर आला. छतातल्या जाळीतून पाणी ठिबकत होतं, आणि वरून कुणी गुळण्या करतंय असा आवाज येत होता.

वहिनीने मला मोबाइल घेऊन माळ्यावर पाठवलं. दादाचा उपयोग नव्हता. माळ्याचं झाकण सरकवलं तरी त्याला शिंका सुरू होतात आणि त्या मोजता येत नाहीत. मी शिडी चढले, डोकं आत घातलं, फोटो काढले. मऊ, सुरकुत्यांचा पाइप एका तुळईवरून दुसऱ्या तुळईवर टाकलेला, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा. मध्ये मोठमोठे झोल, आणि प्रत्येक झोलाच्या पोटात पाणी.

वहिनीने फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि लगेच म्हणाली, "माळा थंड, पाइप उघडा. आतली हवा गरम आणि ओली. पाइपात जाऊन तिचं पाणी होतंय आणि झोलात साचतंय. हवेला जायला जागाच उरली नाही." फिटरला फोन लावला. "येतो, बघतो," तो म्हणाला. आला मात्र नाही.

"मग आपणच करू," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्या पोटाकडे बघितलं. तिनेही बघितलं. "मी माळ्यावर जात नाही. मी फक्त मापं काढेन."

तिने टणक प्लास्टिकचे सरळ पाइप मागवले आणि वळणासाठी कोपरे. पाइप थंड पडू नये म्हणून त्याभोवती गुंडाळायला चंदेरी पाठीची फोमची शीट आणली. बाजारात तयार कोट मिळतात, पण आमच्या माळ्यावरच्या वाकड्यातिकड्या जागेत ते बसणार नव्हते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर खाकी कागद पसरून तिने पाइपांच्या कोटांचे आकार काढले. सरळ पाइपाचा कोट सोपा. कोपऱ्यापाशी ती थोडी थांबली, मग हसली.

"अहो, ही तर बाही आहे. कोपरात दुमडलेली. इतकी वर्षं काय करतेय मी दुसरं?"

तिने चंदेरी फोम कापला. कात्री एकदाही अडली नाही. कापलेला तुकडा कोपऱ्याभोवती धरला तर कड कडेला अशी भिडली की टेप लावायलाही वाईट वाटावं. आई बघतच राहिली. "माझ्या लग्नातलं पोलकं इतकं बसलं नव्हतं," ती म्हणाली.

प्रश्न उरला वर कोण जाणार. मी जाणार असं मी धरून चालले होते. तेवढ्यात अप्पा बाहेर आले. कान टोपीत, जुनी कामाची पॅन्ट, तोंडाला मास्क.

"हिला पाइप देऊ दे शिडीवरून," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "वर मी जातो. उंचीवर कुणी काम केलंय या घरात?"

"पण अप्पा, तुमचा तर या पंख्याला विरोध आहे," दादा म्हणाला.

"विरोध आहेच. विरोध काय शिडी चढल्याने कमी होतो?" मग ते वहिनीकडे वळले. "एक सांगतो. शिडीच्या पायरीला तुझा पाय लागला की मी काम टाकून खाली येईन."

"नाही लागणार, अप्पा."

अडचण अशी होती की पाइपाचं तोंड छतातल्या गोल भोकात नेमकं बसवायचं होतं, आणि वरून भोक दिसत नव्हतं. पाइप हातात धरला की अप्पांच्याच पाइपाने ते झाकलं जायचं. खालून मात्र सगळं स्वच्छ दिसायचं. वहिनी बाथरूममध्ये मान वर करून उभी आणि ओरडून सांगतेय, "डावीकडे! नाही नाही, माझ्या डावीकडे!" वर फोमचे तुकडे, टोपी, मास्क. अप्पांना अर्धं ऐकू यायचं आणि उरलेलं अर्धं ते मनाने भरायचे. पाइप दोनदा निसटला. मला वाटलं, आता भांडण.

अप्पांचं डोकं झाकणातून खाली आलं. "ओरडू नको. काठी आहे का घरात?"

"केरसुणीचा दांडा आहे."

"छताला ठोक. एकदा ठोकलं की थांब. दोनदा, वर घे. तीनदा, खाली सोड. आणि दांडा छताला टेकवून ज्या बाजूला खरवडशील त्या बाजूला मी सरकवीन. बंदरावर मी वर केबिनमध्ये असायचो. खाली बोटीच्या पोटात काय आहे ते मला कधी दिसलं नाही. खालचा माणूस हात करेल तसा क्रेनचा दांडा हलवायचा. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी 'का' विचारलं नाही."

घरात प्रत्येक गोष्टीत 'का' विचारणारा हा माणूस. मी शिडीवर उभी राहून ऐकत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता.

मग काम सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. ठक ठक. पाइप वर गेला. खर्रर, खिडकीच्या बाजूला सरकला. ठक ठक ठक. हळूहळू खाली. ठक. थांबला, आणि कुठेही घासलं न जाता भोकात बसला. वहिनीने घाम पुसला. वरून अप्पांचा आवाज आला, "बसलं?" "बसलं, अप्पा." "मग टेप दे."

बाथरूम झालं, संडास झाला, स्वयंपाकघर झालं. मधल्या लांब पाइपांना अप्पांनी पाणसळ लावून बाहेरच्या दिशेने किंचित उतार दिला, म्हणजे चुकून पाणी झालंच तर ते घरात न येता कौलांबाहेर जावं. चंदेरी कोट त्यांनी एकेक करून चढवले, शिवणीवर टेप ओढली. झोलाचे जुने पाइप मी खाली घेतले तेव्हा त्यातलं पाणी माझ्या बाहीत शिरलं आणि दादाला फार आनंद झाला.

दुपारी पंखा चालू केला. कागदी रुमाल बाथरूमच्या जाळीजवळ नेला तर तो हातातून सुटून जाळीला चिकटला. आईने टाळ्या वाजवल्या. दादाने स्वयंपाकघरात तव्यावर मुद्दाम तेल तापवून धूर केला. तो सरळ रेषेत वर चढून गायब झाला. अप्पा टोपी काढून, केसांत कोळिष्टकं घेऊन, खुर्चीत बसले. "बरा ओढतो तुझा पंखा," ते म्हणाले. 'तुझा' म्हणाले, पण तोंडावर मालकी दिसायला लागली होती.

वहिनी आमच्यात नव्हती. ती बाथरूममध्ये गेली होती. "आई," तिने आतून हाक मारली, "जरा गरम पाण्याचा नळ सोडता?"

आईने नळ सोडला. गीझर भप्पकन पेटला. वहिनीने काडी ओढली, विझवली आणि तिचा धूर गीझरच्या वरच्या नळीच्या तोंडाशी धरला. मी दारात उभी होते. धूर नळीत चढायला हवा होता. तो तिथून मागे फिरला, वहिनीच्या हातावरून वाहत खोलीत आला आणि छतातल्या आमच्या नव्या जाळीकडे निघाला. गीझरच्या पोटातल्या निळ्या ज्योती पिवळ्या होऊन बाहेरच्या बाजूला वाकल्या होत्या.

"नळ बंद करा," वहिनी म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. "गॅस बंद. पंखा बंद. सगळ्या खिडक्या उघडा. सगळे बाहेर."

आम्ही कोट न घालता रस्त्यावर उभे राहिलो. तिने दादाला समजावलं ते मला आजही पाठ आहे. आधी पाइप तुंबलेला होता म्हणून पंख्यात ताकद नव्हती. आता तो खरा ओढायला लागला. बाहेरची हवा पुरेशी आत येत नव्हती, म्हणून त्याला जिथून मिळेल तिथून तो ओढत होता, धुराड्यातूनसुद्धा. म्हणजे गीझरचा धूर उलटा घरात. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळ करता करता बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही.

"पण बाहेरची हवा का येत नाही? खिडक्यांना झरोके आहेत की," मी म्हटलं.

दादाने मान खाली घातली. झरोक्यांतून शीळ वाजते म्हणून त्याने सगळ्यांवर आतून टेप लावली होती.

वहिनीने फिटरला फोन केला. या वेळी त्याने पहिल्याच घंटेला उचलला, आणि ज्योत वाकली हे ऐकल्यावर त्याचा आवाज बदललेला मला बाजूलाही ऐकू आला. "गॅसचा गीझर अजून आहे? तुमच्याकडच्या आजोबांनी तर सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी काढतोय! तो असेल तर ही पेटी चालवायचीच नाही, हे मी त्यांना दोनदा बजावलं होतं. कशाला हात लावू नका, मी निघालो."

वहिनीने फोन ठेवला. अप्पा फुटपाथवर फोमचे कण झटकत उभे होते. हात थांबला.

"त्याने विचारलं होतं मला," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. वाटलं, इतकी वर्षं चाललाय, त्याला काय होतंय. काढायचं मन होईना."

आई तोंडावर हात ठेवून उभी होती. वहिनीने पोटावरून हात फिरवला, आणि मी तिला त्या दिवसाआधी किंवा नंतर इतकं चिडलेलं बघितलं नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"अप्पा, हे बाळ याच घरात झोपणार आहे," ती म्हणाली. "मी खाली उभी राहून ठोकत होते तेव्हा तुम्ही माझं ऐकलंत. पण मला जे दिसत नव्हतं, ते तुम्ही मला सांगितलं नाहीत."

अप्पांनी नजर वर केली नाही. "बरोबर आहे," ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं." एवढंच. सबब नाही, आवाज चढवणं नाही. अप्पांकडून असं ऐकलेलं मला आठवत नाही.

संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्यापुढे चहा ठेवला, पण शब्द नाही.

फिटर आला, गॅसवाल्याला सोबत घेऊन आला. गॅसची नळी तोडून तोंड बंद केलं. गीझर भिंतीवरून उतरवायला गॅसवाला पुढे झाला तेव्हा अप्पा म्हणाले, "मी काढतो." स्क्रू गंजलेले होते. त्यांना बराच वेळ लागला. एक बोल्ट काही केल्या फिरेना. दारातून वहिनी बघत होती. ती आत गेली, तेलाची कुपी घेऊन आली आणि त्यांच्या हाताशी ठेवली.

"थोडा वेळ मुरू द्या," ती म्हणाली.

अप्पांनी मान हलवली. दोघंही त्या बोल्टकडे बघत थांबली.

विजेचा गीझर लागेपर्यंत आम्ही पातेल्यात पाणी तापवून आंघोळी केल्या आणि पेटी बंदच ठेवली. झरोक्यांवरची टेप दादाने नखांनी सोलून काढली. मग एके दिवशी फिटर परत आला. त्या दिवशी कानाला फोन नव्हता. टॉर्च घेऊन माळ्यावर गेला आणि बराच वेळ खालीच येईना. उतरला तेव्हा म्हणाला, "घाईत मी पाइप टाकून गेलो होतो. माफ करा. हे कोट कुठून आणले?"

"टेबलावरून," आई म्हणाली.

त्याने हवा मोजायचं यंत्र प्रत्येक जाळीवर धरलं. आमच्याकडून एक गोष्ट राहिलीच होती. स्वयंपाकघराची जाळी पेटीला सगळ्यात जवळची, म्हणून ती एकटीच अर्ध्याहून जास्त हवा खात होती आणि बाथरूम उपाशी. त्याने जाळीच्या मधली चकती फिरवून तोंड लहान केलं, परत मोजलं, परत फिरवलं. मग बाथरूमच्या दाराखाली बोट घालून बघितलं आणि दादाला दार खालून थोडं तासायला लावलं, म्हणजे दार बंद असतानाही हवा आत यावी. वहिनी त्याच्या मागे मागे, प्रत्येक आकडा विचारत. शेवटी तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे येता का कामाला?"

"मला माझं काम आहे," वहिनी म्हणाली. "पण तुम्ही चकत्या लावता ते मला आवडलं. तुम्हाला एकदा कारखान्यात बोलवेन. इस्त्रीच्या खोलीत बायका वाफेत शिजतात."

तिने बोलावलंही, पण ती पुढची गोष्ट. जाळ्या पुसायचं काम अप्पांनी आपण होऊन घेतलं. चकती किती फिरलेली आहे तिथे ते आधी पेन्सिलने खूण करतात, मगच जाळी काढतात. स्वयंपाकघराच्या जाळीवर तेलाचा चिकटा बसतो तो कोमट साबणाच्या पाण्यात भिजवतात, आणि दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही. दर हिवाळ्याच्या तोंडाशी पेटीची वीज बंद करून ते माळ्यावर जातात, पंख्याच्या पात्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढतात आणि खाली येऊन वहिनीला तोंडी हिशेब देतात: कोट शाबूत, टेप शाबूत, पाणी नाही.

मुलगी झाली. तिला घरी आणलं त्या दुपारी बाहेर धुकं होतं आणि आत आई एकाच वेळी तिन्ही शेगड्या पेटवून सगळ्यांसाठी स्वयंपाक करत होती. दोरीवर इवलेइवले कपडे वाळत होते. दादा बाळाला बघायला आलेल्यांना चहा देत होता आणि अप्पा त्यांना बुटांसकट आत येऊ देत नव्हते. मी वहिनीला जेवायला बोलवायला गेले. खोलीत दिवा नव्हता, पण खिडकीची काच कोरडीठाक दिसत होती. बाळ तिच्या कुशीत झोपलं होतं, आणि वहिनीही गाढ झोपली होती, तोंड थोडंसं उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबकळत. मी तिचा हात उचलून पांघरुणात घातला आणि दार ओढून घेतलं.